परकीय हस्तक्षेप, अर्थसत्ता आणि दहशतवादाची मुळे : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

दहशतवादाचे मूळ परकीय लष्करी हस्तक्षेपात आहे, असे प्रतिपादन केले जाते. ते आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात तपासणे उद्बोधक ठरते. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांच्या विरोधात अमेरिका व सौदी अरेबिया यांनी पैसा ओतला. वाटप पाकिस्तानच्या आयएसआयकडे होते. १९८९ च्या सोव्हिएत माघारीनंतरही ही यंत्रणा मोडली गेली नाही, ती काश्मीरकडे वळली. लष्कर-ए-तैयबा ही त्याच युद्धाची निष्पत्ती होय. महासत्तांचा हिशेब मिटला. देणे मात्र इतरांच्या नावे राहिले.

मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड मार्गावर आरडीएक्स व एके-४७ रायफली पकडल्या गेल्या. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले, ८ जण निर्दोष सुटले. दोषींपैकी एक गेवराईचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कराचीहून हल्लेखोरांना सूचना दिल्याचाही त्याच्यावर आरोप आहे. शस्त्रसाठ्याच्या कटामागे २००२ च्या गुजरात दंगलींच्या सुडाची भावना होती, हे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे यंत्रणा बाहेरची, सल मात्र घरातला. केवळ साम्राज्यवादाकडे बोट दाखविणारे विवेचन त्यामुळे अपुरे पडते. सुटलेल्या आठ जणांची दहा वर्षे खटल्याच्या छायेत गेली, हेही मुळांचा शोध घेताना नोंदविले पाहिजे.