तळ्यातला राक्षस आणि तीन राजकुमार : देवधम्म जातक तरुणांनी का वाचावे?

हमरापूर-जोहे म्हटले की लोकांना गणपतीचे कारखाने आठवतात. त्याच जोह्यात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आटोपल्यावर मुलांना आम्ही एक जातककथा सांगितली. लगेच एका मुलाने विचारले, “आपण भूत-राक्षस मानत नाही ना? मग बुद्धाच्या गोष्टीत राक्षस कसा?” प्रश्न रास्त आहे. कार्यकर्त्यांनाही तो पडतो आणि बरेच जण जातके बाजूलाच ठेवतात. म्हणून ही कथा इथे मांडतो आहोत.

पाली परंपरेत ५४७ जातके आहेत. देवधम्म जातक त्यातले सहावे. मराठीत दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत जातके आणली आहेत.

वाराणसीच्या राजाला महिंसास आणि चंद ही दोन मुले. त्यांची आई वारली. दुसऱ्या राणीला सूरिय झाला आणि राजाने तिला दिलेल्या वरावर तिने त्याच्यासाठी राज्य मागितले. राजाने नकार दिला, पण मोठ्या दोघांच्या जिवाला धोका नको म्हणून त्यांना वनात पाठवले. अंगणात खेळणाऱ्या सूरियला हे कळले आणि तोही भावांच्या मागे निघाला!

वनात एक तळे होते. कुबेराने ते एका जलराक्षसाला देऊन टाकले होते : जो पाण्यात उतरेल तो तुझा, फक्त ‘देवधम्म’ म्हणजे काय हे जाणणारा सोडून. पाणी आणायला गेलेला सूरिय म्हणाला, देवधम्म म्हणजे चंद्र-सूर्य. चंद म्हणाला, चार दिशा. दोघेही पकडले गेले. महिंसास काठावर आला. त्याने आधी पावले पाहिली. आत जाणारी होती, बाहेर येणारी एकही नव्हती. तो पाण्यात उतरलाच नाही. आम्हाला कथेतली ही जागा फार आवडते. मंत्र नाही, ताईत नाही, नुसते निरीक्षण.

त्याचे उत्तर होते हिरी आणि ओतप्प : वाईट करायची स्वतःची लाज आणि त्याच्या परिणामांचे भय. राक्षस खूश झाला. “एक भाऊ देतो, कोणता देऊ?” महिंसासने सख्ख्या चंदला नाही, सावत्र सूरियला मागितले. याच्यामुळेच आम्ही वनात आलो. याला राक्षसाने खाल्ले म्हटले तर कोण विश्वास ठेवील? राक्षसाने दोघेही परत दिले. तेव्हा महिंसासने त्याला सुनावले : देवधम्म तुला माहीत आहे, पण तू तो पाळत नाहीस.

तळे, त्यावरचा कुणाचा तरी ‘हक्क’ आणि तहानलेली माणसे. आपल्या रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हे वेगळे सांगायला नको. बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह हजारो लोक ते पाणी प्याले. मग देवळात शिरण्याची अफवा उठवून सभेला आलेल्यांवर हल्ला झाला आणि शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले गेले. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. प्रतिपक्ष कोर्टात वहिवाट सांगत राहिला. ती अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आला. दहा वर्षे गेली.

ही तुलना आमची आहे, जातकाची नव्हे. आणि महाडच्या माणसांना आम्ही राक्षस म्हणत नाही. माणसाला राक्षस ठरवण्याचा अनुभव आपल्या समाजाला पुरेसा आहे. आम्हाला खटकते ते एवढेच, की तिथेही धर्म तोंडपाठ असणारेच तळ्याच्या काठावर उभे होते.

बापाच्या मृत्यूनंतर महिंसास राजा झाला. त्याने चंदला उपराजा आणि सूरियला सेनापती केले. राक्षस हिंसा सोडून त्यांच्यासोबत आला होता. त्यालाही वाराणसीत घर बांधून दिले. जोह्यातल्या मुलांना हा शेवट पटला नाही. इतक्या जणांना खाल्लेल्याला घर कशाला? एक मुलगी मात्र म्हणाली, मग त्याला परत तळ्यावर पाठवायचे का? विहारातले दिवे मालवेपर्यंत हा वाद चालू होता.