सिलिकॉन शुद्ध करायला लागणारी वीज

सौर पॅनेल वीज देण्याआधी बरीच वीज खाऊन बसलेलं असतं. गारगोटी कोळशासोबत विजेच्या भट्टीत तापवली की 98-99 टक्के शुद्ध सिलिकॉन मिळतं. मिश्रधातूंना ते चालतं, सौरघटाला नाही. म्हणून त्यापासून ट्रायक्लोरोसिलेन बनवतात. हा द्रव 32 अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने अशुद्धी काढता येतात.

खरा खर्च पुढे आहे. सीमेन्स पद्धतीत बंद भांड्यातल्या सिलिकॉनच्या बारीक कांड्यांतून वीज सोडून त्या सुमारे 1100 अंशांपर्यंत तापवतात आणि ट्रायक्लोरोसिलेनच्या वाफेतलं सिलिकॉन त्यांवर थराथराने चढत राहतं. हे काम काही दिवस चालतं. पण भांड्याच्या भिंतींवर थर बसू नये म्हणून त्या सतत थंड ठेवाव्या लागतात! आत ओतलेली उष्णता बाहेरचं पाणी ओढून नेतं. जुन्या कारखान्यांत किलोमागे 100 युनिटहून अधिक वीज जाई. मोठी भांडी, दाटीने उभ्या कांड्या आणि उष्णतेचा पुनर्वापर यांमुळे हा आकडा बराच खाली आला.

दुसऱ्या पद्धतीत सिलिकॉनचे कण सिलेन असलेल्या वायूच्या झोतात तरंगत ठेवतात. सिलेन वायू 700 अंशांच्या आसपासच विघटित होतो, म्हणून वीज खूपच कमी लागते. दाण्यांची शुद्धता राखणं मात्र कठीण.

माझ्या मते ही वीज वाचवण्यात करवतीचं श्रेयही मोठं आहे. हिऱ्याचे कण जडवलेल्या तारेने पातळ चकत्या कापल्या जातात, भुसा कमी पडतो. 2004च्या सुमारास एका वॅटला सुमारे 16 ग्रॅम सिलिकॉन लागे. आता साधारण 2 ग्रॅम पुरतं.