कॅमेऱ्यातील फोटो संगणकात उतरत नाहीत तेव्हा

मोबाईलने सगळे गिळून टाकण्याआधी आपल्या घराघरांत एक लहानसा डिजिटल कॅमेरा होता. निकाह, अकीका, हजला निघालेल्या दादा-दादींचा निरोप, ईदच्या दिवशी नव्या कपड्यांत ओळीने उभी केलेली मुले, सारे त्यातच टिपले गेले. २०१० साली जगभरातील कारखान्यांतून असे १२ कोटींहून अधिक कॅमेरे बाहेर पडले. त्यानंतर मोबाईल आले आणि कॅमेरे कपाटात गेले. अडचण अशी की, अनेकांच्या बाबतीत फोटोही कॅमेऱ्याबरोबर कपाटातच राहिले.

आम्ही बोनकोड्यात राहतो आणि शाळेत उर्दू व मराठी शिकवतो. संगणक हा आमचा विषय नव्हे. पण गावठाणातले आणि शेजारच्या कोपरखैरण्याच्या सेक्टरांतले पालक दाखल्याचा अर्ज भरून घ्यायला येतात, तेव्हा पिशवीतून जुना कॅमेराही निघतो. “टीचर, जोडला तरी काहीच दिसत नाही.” असे बरेच कॅमेरे हाताळल्यावर आमचे मत झाले आहे की, दहातल्या आठ वेळा फोटो जागच्या जागी असतात. बिघाड असतो तो वाटेत.

पहिला संशय वायरीवर घ्यावा. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन माहिती. स्वस्तातल्या काही वायरी फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतातच. टोक नेमके बसते, दिवाही लागतो, पण संगणकाला कॅमेऱ्याचा पत्ता नसतो. म्हणून दुसरी वायर लावून पाहावी. डेस्कटॉप संगणक असेल तर पुढच्या खाचेऐवजी मागच्या खाचेत लावावी. कॅमेरा चालू आहे ना, हेही बघावे. काही कॅमेरे फोटो बघण्याच्या बटणावर ठेवल्याशिवाय संगणकाशी बोलत नाहीत. बॅटरी पुरेशी भरलेली हवी, कारण नक्कल चालू असताना कॅमेरा बंद पडला तर कार्डावरची माहिती बिघडू शकते.

तरीही जमले नाही, तर वायरीचा नाद सोडून कार्ड बाहेर काढावे आणि कार्ड रीडरमध्ये घालावे. आम्ही तर हल्ली सुरुवातच इथून करतो. बॅटरी फुगलेली, चार्जर हरवलेला, कॅमेऱ्याचा पडदा काळा पडलेला, यातले काहीही असले तरी कार्ड वाचता येते. कार्डाच्या कडेला बारीक कुलूपाची कळ असेल तर ती ‘लॉक’कडे सरकवावी. पुष्कळजण उलटे समजतात. कुलूप लागले म्हणजे कार्डावर नवे लिहिता येत नाही आणि पुसताही येत नाही. वाचता मात्र येते. नक्कल करताना आपल्याला हेच हवे असते.

रीडरबाबत एक गोष्ट मात्र ठाऊक असायला हवी, कारण घात इथेच होतो. पहिली एसडी कार्डे २ जीबीपर्यंतची होती. २००६ मध्ये ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डे आली, पुढे ६४ जीबीपासूनची एसडीएक्ससी. आकार तोच, खाच तीच, पण जुन्या रीडरला नवे कार्ड वाचता येत नाही. मग संगणक एकतर गप्प बसतो, नाहीतर विचारतो की कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करायचे का?

आमच्या एका विद्यार्थिनीची आई हाच प्रश्न घेऊन आली होती. पती वारलेले. एका दुकानात तिला सांगितले गेले होते की कार्ड मेले आहे, फॉरमॅट करून निदान वापरात तरी आणा. ती म्हणाली, “टीचर, यांच्या शेवटच्या ईदचे फोटो यातच आहेत, म्हणून मी हो म्हटले नाही.” कार्ड ८ जीबीचे होते आणि रीडर फार जुन्या काळातला. शाळेतल्या एका सहकाऱ्याचा नवा रीडर लावला आणि कार्ड उघडले. मरहूम पती दोन्ही मुलींना कडेवर घेऊन दारात उभे असलेला फोटो पडद्यावर आला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. त्या प्रश्नाला तिने हो म्हटले असते तर? म्हणून सांगतो, संगणकाने फॉरमॅटचे विचारले की उत्तर ‘नाही’च द्यावे. दुसरा रीडर, दुसरा संगणक, सगळे करून पाहावे.

कार्ड उघडले की त्यात ‘डीसीआयएम’ या चार अक्षरांचे फोल्डर दिसते. १९९८ च्या सुमारास जपानी उद्योगसंघटनेने ठरवलेल्या नियमामुळे जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो त्याच नावाखाली असतात. त्याच्या आत १००, १०१ अशा आकड्यांची आणखी फोल्डरे असतात. ती सगळी उघडून पाहावीत, एकच पाहून थांबू नये. कार्ड रिकामे निघाले तर ते काढून नुसता कॅमेरा चालू करावा. काही कॅमेऱ्यांत थोडी स्वतःची जागाही असते आणि कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे पडून असतात. कॅमेऱ्याचे घड्याळ मागे पडले असेल तर फोटो भलत्याच वर्षात दिसतात, तेही लक्षात ठेवावे.

नक्कल करताना ‘कॉपी’ करावे, ‘कट’ नव्हे. मध्येच वीज गेली तरी मूळ शाबूत राहते. कॅमेरा ९९९९ पर्यंत मोजून पुन्हा १ वर येतो, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंना एकच नाव मिळू शकते. संगणकाने ‘जुने बदलू का?’ विचारले तर थांबावे आणि नवे फोल्डर करून त्यात उतरवावे. फोल्डरच्या नावात वर्ष आधी लिहावे, ‘२००९ निकाह’ असे, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. शेवटी दोन्हीकडचे फोटो मोजून आकडा जुळवावा.

चुकून पुसलेल्या फोटोंचे काय? हजेरीपटातून नाव खोडले म्हणून मुलगा बाकावरून उठत नाही. कार्डाचेही तसेच आहे. पुसल्यावर फक्त यादीतले नाव जाते, फोटो तिथेच असतो. त्या बाकावर नवा फोटो येऊन बसला की मात्र जुना कायमचा गेला. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम असे फोटो शोधून देतो. सापडलेले फोटो संगणकावर साठवावेत, त्याच कार्डावर नव्हे.

सोनीची मेमरी स्टिक किंवा ऑलिंपस, फुजीफिल्मची एक्सडी कार्डे असतील तर त्यांचे रीडर जवळपास मिळणे कठीण. वाशीला गाडी बदलून सीएसएमटीला उतरावे. फोर्टातला बोरा बाजार फोटोच्या सामानासाठी जुना आहे, आणि ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड संगणकाच्या सामानासाठी. जाताना मूळ कार्ड बरोबर न्यावे, पण दुकानात सोडून येऊ नये.

फोटो उतरले की एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो प्रत म्हणून धरू नये, तिथे तो बहुधा लहान होऊन पोहोचतो. दुसरी प्रत त्याच घरातही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या कपाटातली प्रत तसल्या पाण्यात मूळ फोटोंबरोबरच जाईल. बहिणीकडे, नाहीतर गावी भावाकडे द्यावी, आणि डिस्क उघडते ना ते वर्षातून एकदा पाहावे.