एक टन फुले, एक किलो तेल : कडू संत्र्याच्या कळीचे मोल

सुगंधी द्रव्यांच्या बाजारात ‘नेरोली’ तेलाची गणना महागड्या नैसर्गिक घटकांत होते. कडू संत्र्याच्या पांढऱ्या फुलांपासून ते मिळते. सुमारे एक टन फुलांच्या ऊर्ध्वपातनातून जेमतेम एक किलो तेल हाती येते. त्यामुळेच कुपीवर ‘नेरोली’ असे लिहिलेले असताना आत नेमके काय आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कडू संत्रे हा पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून निर्माण झालेला वृक्ष आहे. नागपुरी संत्रे मँडरिन गटातील असल्याने ते त्याचे नातलग असले, तरी झाड वेगळे. आशियात जन्मलेला हा वृक्ष अरबांनी भूमध्य सागराच्या प्रदेशात नेला. संस्कृत ‘नारंग’ हा शब्दही फारसी आणि अरबीमार्गे युरोपीय भाषांत पोहोचला.

खुडणीची घटिका

ट्युनिशियातील नाबुल परिसर या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. वसंत ऋतूत अवघे काही आठवडे तेथे खुडणी चालते. घट्ट मिटलेल्या कळीत सुगंध पुरता भरलेला नसतो, तर पूर्ण उमललेल्या फुलातून तो हवेत विरू लागतो. म्हणून उमलण्याच्या बेतात असलेल्या टपोऱ्या कळ्या आणि नुकतीच उमललेली फुले हाताने खुडली जातात. झाडाखाली कापड अंथरून ती गोळा केली जातात. त्यांतील पाने आणि काड्या निवडून काढाव्या लागतात, अन्यथा तेलाचा गंध बदलतो. साठवलेली फुले लवकर तापून खराब होत असल्याने ती त्वरेने भट्टीकडे न्यावी लागतात.

एक झाड, अनेक गंध

वाफेच्या साहाय्याने फुलांचे ऊर्ध्वपातन केले, की पाण्यावर तरंगणारे तेल म्हणजे नेरोली. उरलेले सुवासिक पाणी उत्तर आफ्रिकेत मिठाई आणि पेयांत वापरले जाते. त्याच फुलांतील सुगंध द्रावकाने काढल्यास ‘ॲब्सोल्यूट’ हा अधिक गडद, मधाळ अर्क मिळतो. पाने आणि कोवळ्या काड्यांपासून ‘पेटिग्रेन’ हे तुलनेने बरेच स्वस्त तेल निघते. कन्नौजच्या पारंपरिक देग-भपका पद्धतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवली जाते; नेरोलीत मात्र असे आधारतेल नसते.

सतराव्या शतकात इटलीतील नेरोला येथील राजकन्येने हा सुगंध लोकप्रिय केल्याचे सांगितले जाते. त्यावरून तेलाला हे नाव पडले. पुढे ‘ओ द कलोन’ या सुगंधी द्रव्याचा तो महत्त्वाचा घटक बनला. फ्रान्समध्ये वालोरिस येथील उत्पादकांनी १९०४ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली होती. मात्र १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने तेथील बागांची मोठी हानी झाली. किनारपट्टीवर घरबांधणी आणि पर्यटन वाढत गेले, तसे उत्पादनाचे केंद्र उत्तर आफ्रिकेकडे सरकले.

भेसळ ओळखायची कशी?

नेरोलीतील लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही द्रव्ये कारखान्यातही स्वस्तात तयार होतात. ती, किंवा पेटिग्रेन, मिसळून तेल वाढवण्याचे प्रकार घडतात. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीद्वारे अशी भेसळ उघड होऊ शकते. केवळ वासावरून ती ओळखणे ग्राहकाला कठीण असते. सुटे तेल घेताना वनस्पतीच्या शास्त्रीय नावासोबत ‘फ्लॉवर’ असा उल्लेख आहे की ‘लीफ’, हे पाहावे. दुसरा उल्लेख असेल, तर ते तेल पानांचे असते. तयार अत्तरावर बहुधा केवळ ‘परफ्यूम’ एवढेच छापलेले असल्याने त्यातील खऱ्या फुलांचा वाटा कळत नाही.

मात्र एक ठोकताळा कायम उपयोगी पडतो. किलोभर तेलामागे टनभर फुले आणि ती एकेक खुडणारे हात असतात. त्यामुळे अत्यल्प किमतीत मिळणारे ‘शुद्ध नेरोली’ संशयानेच पाहिलेले बरे.