काँक्रीटच्या ओट्यावरील रंगीत शिरा : संगमरवराचा भास कसा साकारतो आणि कोठे फसतो

स्वयंपाकघरातील ओट्यासाठी कडप्पा, ग्रॅनाइट आणि कृत्रिम क्वार्ट्झ यांच्या जोडीने आता काँक्रीटचाही विचार होऊ लागला आहे. संगमरवरासारख्या रंगीत शिरा असलेला काँक्रीटचा ओटा हव्या त्या मापात व आकारात ओतता येतो आणि एकाची दुसरी प्रत सहसा होत नाही. मात्र त्यावरील शिरा वरून रंगविलेल्या आहेत की काँक्रीटच्या अंगातच उतरविलेल्या आहेत, यावर त्याचे सौंदर्य किती वर्षे टिकणार हे ठरते. तो घडविणाऱ्या कारागिराच्या आरोग्याचा प्रश्नही या कामाशी निगडित आहे.

शीर म्हणजे काय?

चुनखडकावर दीर्घकाळ उष्णता व दाब यांचा परिणाम होऊन संगमरवर तयार होतो. मूळ खडकातील चिकणमाती, लोहाची ऑक्साइडे यांसारखी अशुद्ध द्रव्ये त्यात रेषांच्या रूपाने उरतात. त्यांनाच आपण शिरा म्हणतो. या शिरा दगडाच्या आत खोलवर गेलेल्या असतात. त्यामुळे संगमरवराची फरशी कितीही घासली तरी शीर पुसली जात नाही. काँक्रीटमध्ये नेमका हाच गुण आणावयाचा असतो.

संगमरवराची नक्कल करण्याचा प्रयत्न नवा नाही. सतराव्या शतकात इटलीमध्ये जिप्सम, सरस आणि रंग यांच्या मिश्रणातून ‘स्कालिओला’ ही कला बहरली. काँक्रीटच्या ओट्यांना १९८०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बडी ऱ्होड्स आणि फू-तुंग चेंग यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. चेंग यांचे या विषयावरील पुस्तक २००२मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतालाही रंगीत सिमेंट अपरिचित नाही. मुंबईत १९२२मध्ये स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्सच्या फरश्या आजही अनेक जुन्या इमारतींत दिसतात. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील आथंगुडी येथे काचेवर रंगीत सिमेंट ओतून फरशी तयार केली जाते. काचेला टेकलेली बाजू नंतर दर्शनी ठरते. शिरांचा ओटाही पुष्कळदा याच तत्त्वाने, म्हणजे साच्यात उलटा ओतून बनविला जातो.

मिश्रण आणि रंग

नेहमीच्या सिमेंटचा राखाडी रंग मुख्यतः त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. त्यावर फिकट छटा उठून दिसत नाहीत. म्हणून अशा ओट्यासाठी पांढरे सिमेंट व फिकट वाळू वापरतात. रंगासाठी खनिज रंगद्रव्ये निवडली जातात. तांबडा, पिवळा व काळा रंग लोहाच्या ऑक्साइडपासून, तर हिरवा रंग क्रोमियमच्या ऑक्साइडपासून मिळतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने अनेक सेंद्रिय रंग त्यात टिकत नाहीत. रंगद्रव्याचे प्रमाण सामान्यतः सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवले जाते, कारण अतिरिक्त भुकटीने काँक्रीटचे बळ घटते.

सर्वांत महत्त्वाचा घटक पाणी होय. एक किलो सिमेंटला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम पाणी एवढेच प्रमाण राखून, मिश्रण प्रवाही करण्यासाठी सुपरप्लास्टिसायझर घालतात. काम सोपे व्हावे म्हणून पाणी वाढविले, तर काँक्रीट सच्छिद्र होते, आकुंचन वाढते आणि बारीक भेगा पडतात.

शिरा घडविण्याच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत घट्ट मिश्रण हाताने साच्यात दाबून बसविले जाते आणि मध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवल्या जातात. काँक्रीट घट्ट होऊन साच्यातून निघाले की त्या पोकळ्यांत वेगळ्या रंगाचा सिमेंटचा लगदा भरतात आणि पृष्ठ घासून सपाट करतात. ऱ्होड्स यांचे नाव याच पद्धतीशी जोडले जाते.

दुसऱ्या पद्धतीत मिश्रणाचे ओबडधोबड गोळे करून त्यांच्या कडांना रंगीत लगदा लावतात. हे गोळे साच्यात शेजारी शेजारी ठेवून दाबले की त्यांच्या सांध्यांच्या शिरा होतात. तिसऱ्या पद्धतीत साच्यात पसरलेले मिश्रण ओले असतानाच पातळ पात्याने तळापर्यंत चिरतात, चिरेत रंगीत लगदा सोडतात आणि दोन्ही बाजू पुन्हा जवळ दाबतात.

तिन्ही पद्धतींना एक नियम समान आहे. शिरेचा लगदा आणि मूळ मिश्रण यांतील सिमेंट व पाण्याचे प्रमाण शक्य तितके सारखे असावे लागते. लगदा अधिक पातळ असेल तर तो अधिक आकसतो आणि शिरेच्या कडेनेच भेग पडते. शीर खरी वाटावी यासाठी तिची जाडी बदलती ठेवावी लागते. तिला मध्येच फाटे फुटावेत, पण सर्व शिरांचा एकूण कल एकाच दिशेचा असावा. म्हणून अनुभवी कारागीर मिश्रण कालविण्यापूर्वीच शिरांचा आराखडा कागदावर काढतात.

वजन, भेगा आणि क्युरिंग

काँक्रीटचे वजन दर घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. त्या हिशेबाने ४० मिलिमीटर जाडीच्या ओट्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ९६ किलो भरते. खालचा आधार हे वजन पेलणारा हवा. अल्करोधक काचतंतू मिसळल्यास जाडी २० ते २५ मिलिमीटरपर्यंत कमी करता येते. सिंकसाठी कापलेल्या भागाचे कोपरे सर्वांत नाजूक असतात आणि भेग बहुधा तेथूनच सुरू होते. ते कोपरे गोलसर ठेवणे व तेथे अधिक मजबुती देणे हितावह ठरते.

ओतल्यानंतर किमान सात दिवस काँक्रीट ओलसर ठेवावे लागते, तर त्याची ताकद प्रमाणानुसार २८ दिवसांनी मोजली जाते. ही ओल सर्वत्र सारखी नसेल तर पृष्ठावर डाग उमटतात. काही वेळा आतील चुना पाण्यासोबत वर येऊन पांढुरका थर धरतो आणि गडद शिरा फिकट दिसू लागतात.

हळद आणि लिंबाची परीक्षा

भारतीय स्वयंपाकघरात खरी कसोटी येथे लागते. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांतील आम्ल सिमेंटमधील चुन्याशी अभिक्रिया करते आणि चकाकी जाऊन खरखरीत डाग पडतो. संगमरवराचेही असेच होते. हळदीचा डाग तर नव्या, अल्कधर्मी काँक्रीटवर तांबडा होऊ शकतो. हळद आणि चुना एकत्र आल्यावर कुंकवाचा रंग येतो, त्यामागील रसायन हेच आहे.

यावर उपाय म्हणजे सीलर. आत मुरणारा सीलर पाणी व तेल अडवितो, पण आम्लापासून पुरेसे संरक्षण देत नाही. पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचा वरचा थर डागांना अधिक चांगला रोखतो, परंतु गॅसवरून उतरविलेले गरम भांडे थेट ठेवल्यास तो खराब होऊ शकतो. ‘काहीही सांडले तरी डाग पडणार नाही’ हा दावा म्हणूनच सावधपणे घ्यावा.

कारागिराचे फुप्फुस

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांचे उत्पादन, पुरवठा व बसविणे यांवर बंदी घातली. अशा दगडात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते आणि तो कापताना उडणाऱ्या सूक्ष्म धुळीमुळे कामगारांना सिलिकोसिस होत असल्याचे निदर्शनास आले होते. काँक्रीट या बंदीतून वगळलेले आहे. तथापि, काँक्रीटमधील वाळूतही सिलिका असते. शिरा उघड करण्यासाठी पृष्ठ कोरडेच घासले, तर तीच घातक धूळ उडते. सिलिकोसिसने फुप्फुसांचे झालेले नुकसान भरून येत नाही. त्यामुळे पाणी सोडून घासणे, योग्य प्रतीचा श्वसनमुखवटा वापरणे आणि ओल्या सिमेंटने त्वचा भाजू नये म्हणून हातमोजे घालणे अनिवार्य मानले पाहिजे.

ग्राहकाने काय पाहावे?

काम ठरविण्यापूर्वी त्याच मिश्रणाचा व त्याच सीलरचा नमुना मागावा. नमुन्याची कड पाहावी. शीर कडेतून आत उतरलेली दिसली, तर ती घडविलेली आहे. केवळ वरच्या पृष्ठावर थांबली असेल, तर ती रंगविलेली आहे. नमुन्यावर लिंबाचा रस, हळद, चहा व तेल यांचे थेंब रात्रभर ठेवून सकाळी पुसावेत. शेवटी, घासकाम ओले केले जाणार की कोरडे, हेही विचारावे. उत्तर ‘कोरडे’ असे आले, तर त्या ओट्याची खरी किंमत कारागीर आपल्या श्वासाने मोजत असतो.