फोकसचा नेम कां चुकतो?

घरांतील आजीचें छायाचित्र मोठ्या हौसेनें काढावें, आणि मोठें करून पाहतां तिच्या कानांतील कुडी लख्ख दिसावी पण डोळे मात्र धूसर असावेत, असें पुष्कळदां घडतें. नेम तर डोळ्यांवरच धरलेला असतो. मग दोष कोणाचा? हात हालला असता, तर कुडीहि पुसट झाली असती. भिंग वाईट असतें, तर कुडी इतकी रेखीव उतरली नसती. अर्थात् स्पष्टता साधली आहे. ती योग्य जागीं पडली नाहीं, इतकेंच.

याचें कारण आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे डीएसएलआरच्या, रचनेंत आहे. भिंगांतून आलेल्या प्रकाशाचा कांहीं अंश मुख्य आरशामागील लहान आरशावरून तळाशीं असलेल्या फोकस-सेन्सरकडे वळतो. भिंगाच्या दोन बाजूंनीं आलेल्या प्रतिमांतील अंतर तेथें मोजलें जातें, आणि त्यावरून भिंग किती सरकवावें हें ठरतें. चित्र मात्र आरसा वर उचलला गेल्यावर दुसऱ्याच सेन्सरवर उमटतें. या दोन्ही वाटा अगदीं सारख्या लांबीच्या असल्या पाहिजेत. कारखान्यांत कॅमेरा व भिंग आपापल्या मर्यादेंत निर्दोष ठरले, तरी त्यांची जोडी जमल्यावर दोहोंच्या किंचित् उणिवा एकाच दिशेला मिळूं शकतात. फरक सूक्ष्म, पण परिणाम मोठा. कारण ८५ मिलिमीटरच्या भिंगाचें तोंड एफ १.८ इतकें उघडें ठेवून २ मीटरांवरील चेहरा टिपतांना स्पष्टतेची एकंदर खोली सुमारें ६ सेंटिमीटरच असते.

यावर उपाय म्हणून कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ मध्यें व निकॉनच्या डी३ आणि डी३०० मध्यें २००७ सालीं प्रत्येक भिंगासाठीं निराळी दुरुस्ती नोंदविण्याची सोय झाली. ही मोजपट्टी उणे २० पासून अधिक २० पर्यंत असते. फोकस नेमाच्या अलीकडे पडत असेल तर अधिक अंक, पलीकडे पडत असेल तर उणा. आजीचे कान डोळ्यांच्या मागें असल्यामुळें तेथें उणा अंकच लागेल.

परंतु एकाच चित्रावरून निर्णय करूं नये. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा. ठळक रेघांचा कागद त्याच्या समोर सरळ उभा करावा व शेजारीं एक फूटपट्टी तिरपी ठेवावी. अंतर भिंगाच्या केंद्रांतराच्या सुमारें ५० पट घ्यावें; ८५ मिलिमीटरसाठीं तें सव्वाचार मीटर होतें. भिंगाचें तोंड पूर्ण उघडें ठेवावें. प्रत्येक वेळीं फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हां साधूं द्यावा, आणि अनेक चित्रांत चूक एकाच दिशेला दिसली तरच अंक बदलावा. चूक कधीं पुढें, कधीं मागें असेल, तर ती या उपायानें जाणार नाहीं. घाईनें नोंदविलेला चुकीचा अंक पुढील प्रत्येक चित्र बिघडवितो.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत फोकस चित्राच्या सेन्सरवरच साधला जातो. त्यामुळें दोन वाटांचा हा तंटा तेथें उद्भवत नाहीं. ज्यांच्याजवळ आरशाचा कॅमेरा आहे, त्यांनीं मात्र चांगलें भिंग टाकून देण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य करावी. दोष पुष्कळदां भिंगाचा नसतो, कॅमेऱ्याचाहि नसतो. तो त्यांच्या जुळणीचा असतो, आणि जुळणी सुधारतां येते.