निकालानंतर पुन्हा दाद : हक्क कोठे संपतो?

दोन पेढ्यांनी हिशेब जुळवून खाते पुरते केले म्हणजे ते पुन्हा उकरून काढू नये, ही आपली जुनी रीत आहे. न्यायालयाचीही रीत तीच. फरक एवढाच की, खाते दोघांच्या संमतीने मिटते आणि निकाल मात्र हरणाऱ्याच्या मनाविरुद्ध लागतो. म्हणूनच तो पुन्हा उघडण्याचा मोह होतो.

आपल्या सांबरा-बेळगाव-निपाणी भागाला १९५६ पूर्वी उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. राज्यपुनर्रचनेनंतर बंगळूर गाठावे लागले. २००८ साली धारवाडला फिरते पीठ आले व २०१३ साली ते कायम झाले. दार जवळ आले ही सोय झाली. पण जवळ आले म्हणून ते एकाच कारणासाठी वारंवार ठोठावता येते, असे मात्र नव्हे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या कलमात ‘प्राङ्न्याया’चे तत्त्व सांगितले आहे. त्याच पक्षांमधील, त्याच मुद्द्यावर अधिकारी न्यायालयाने अंतिम निर्णय दिला असेल, तर तो वाद पुन्हा चालविता येत नाही. एवढेच नव्हे, तर जो मुद्दा पहिल्या वेळी मांडता आला असता व मांडावयास हवा होता, तो मांडलाच होता असे कायदा धरून चालतो. अपील व पुनर्विलोकन हे मार्ग खुले असतात. नवा दावा हा त्यांना पर्याय नव्हे.

हे तत्त्व रिट अर्जांसही लागू आहे काय? हा प्रश्न १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. ते मूळचे साताऱ्याचे, आणि काही काळ धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी. उच्च न्यायालयाने गुणदोषांचा विचार करून अर्ज फेटाळला असल्यास तोच अर्ज सर्वोच्च न्यायालयात नव्याने करता येणार नाही. मात्र केवळ विलंबामुळे, किंवा दुसरा उपाय उपलब्ध आहे म्हणून, फेटाळला असल्यास सहसा अशी आडकाठी नाही, असे त्यांनी ठरविले.

पुढे तेच सरन्यायाधीश असताना रतलामच्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण आले. १९५७-५८ च्या विक्रीकर आकारणीविरुद्धचा त्याचा रिट अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळला गेला होता. त्याच आकारणीविरुद्ध त्याने काही नवे मुद्दे घेऊन दुसरा अर्ज केला. न्यायालयाने सांगितले की, एकाच आदेशाविरुद्ध मुद्दे हप्त्याहप्त्याने मांडता येत नाहीत. आपल्या वर्गाने हे विशेष लक्षात ठेवावे.

१९७७ साली बंगळूरच्या एका भाडेकरूचे प्रकरण असेच गाजले. घर सोडण्याचा आदेश उच्च न्यायालयात कायम झाल्यावरही त्याविरुद्ध नव्या दाव्यांची मालिका सुरू राहिली. असे पोकळ दावे आरंभीच फेटाळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावले. न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग तो हाच. त्यात वेळ जातो तो न्यायाधीशाचा एकट्याचा नव्हे. रांगेत मागे उभ्या असलेल्या खऱ्या फिर्यादीचाही.

तथापि जेथे जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असतो, तेथे हा नियम सैल होतो. स्थानबद्ध माणसाने नव्या कारणावर दुसरा अर्ज केल्यास तो ऐकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली मान्य केले. परदेशी आश्रय मागणाऱ्यांबाबतही हाच पेच पडतो. अर्ज नाकारल्यानंतर मायदेशी राजवट पालटू शकते, युद्ध पेटू शकते. आणि अशा माणसास चुकून परत धाडले, तर ती चूक दुरुस्त होत नाही. म्हणून इंग्लंडच्या नियमांनुसार, पूर्वी न तपासलेला मजकूर पुढे आला व त्यामुळे यशाची वास्तव शक्यता दिसली, तर तो नवा दावा गणला जातो. परंतु रवानगीच्या आदल्या क्षणी निराधार अर्ज आणणाऱ्या वकिलांना तेथील उच्च न्यायालयाने २०१२ साली कडक ताकीद दिली. दार बंद केले नाही. दाराशी चाललेला खेळ थांबविला.

यावरून बोध असा : पहिल्याच अर्जात सर्व मुद्दे व सर्व कागद सादर करावेत. पूर्वी अर्ज केला असल्यास तो लपवू नये. आणि दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी स्वतःस विचारावे, ‘माझ्याजवळ नवे असे काय आहे?’ उत्तर केवळ ‘निकाल पटला नाही’ एवढेच असेल, तर मुदतीत अपील करावे, अथवा खाते मिटले असे समजून धंद्यास लागावे.